निराधाराला आधी आरोपी करू नका : विधिमंडळाच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषदेचे सर्व माननीय सदस्य

स. न. वि. वि.

मी परिवीक्षा अधिकारी म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. हे पद नेमकं काय असतं ते आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. त्यात आपला दोष नाही, माझ्या सासरच्यांनाही ते शेवटपर्यंत कळलं नाही. पोलिसांनी भीक मागताना पकडून आणलेल्या माणसाशी बोलायचं, त्याचं गाव, घर, आजारपण विचारायचं आणि न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे अहवाल ठेवायचा, हे माझं काम. माणूस सुटणार की एक ते तीन वर्षांसाठी भिक्षेकरी गृहात जाणार, हे ठरवताना कोर्ट तो अहवाल पाहतं.

आमच्या कार्यालयात त्यासाठी एक पानी छापील फॉर्म होता. नाव, वय, मूळ गाव, नातेवाईक, आणि मग एक ओळ : ‘भीक मागण्याचे कारण’. पुढे पर्याय : आळस, व्यसन, व्यंग, वृद्धत्व, इतर. जे लागू नसेल ते खोडायचं. ‘काम मिळाले नाही’ हा पर्याय त्यात नव्हता. फॉर्म कोणी तयार केला ते माहीत नाही, पण ज्याने केला त्याने आळस पहिल्या नंबरावर ठेवला होता. मी कित्येक वर्षं तो फॉर्म भरला. त्याविषयीच हे पत्र आहे, म्हणजे फॉर्मविषयी नाही, भीक मागणं हाच गुन्हा ठरवणाऱ्या ज्या कायद्याच्या पोटातून तो निघाला त्याविषयी.

एका गुरुवारची गोष्ट सांगते. शहराचं नाव सांगत नाही, कारण कुठल्याही शहरात घडली असती. दुपारी गाडी भरून आली, तेवीस माणसं. त्यात पंचेचाळिशीचा एक जण, अंगातल्या शर्टावर वाळलेलं सिमेंट. बाकीचे गप्प होते, हा मात्र एकच पालुपद लावून होता : “बाई, माझं घमेलं राहिलंय तिथं.” माणूस परभणीकडचा, नाक्यावर उभा राहणारा मजूर. सकाळी सहापासून उभा होता, त्या दिवशी कोणी नेलं नाही. अकरानंतर नाक्यावर गिऱ्हाईक येत नाही हे त्यालाही माहीत होतं, म्हणून तो शेजारच्या देवळाच्या सावलीला जाऊन बसला. गुरुवार असल्यामुळे कोणी तरी द्रोणातून खिचडी वाटत होतं. हा रांगेत उभा राहिला. गाडी आली तेव्हा द्रोण हातात होता. फावडं आणि घमेलं नाक्यावर, झाडाला टेकवून.

ओळखपत्र गावाकडे. मोबाइल बंद पडलेला. चौकशी पुढे गेली, मग पुन्हा पुढे गेली. अकरा दिवस तो माणूस स्वीकार केंद्रात, म्हणजे चौकशी संपेपर्यंत ठेवतात त्या जागी, राहिला. बायकोला वाटलं, कुठल्या तरी साइटवर पडला असेल. अखेर विधी सेवा प्राधिकरणाकडून नेमलेली एक नवी वकील मुलगी उभी राहिली. तिने कायद्याचा कीस पाडला नाही. त्याला म्हणाली, “साहेबांना हात दाखवा.” त्याने दोन्ही तळवे पुढे केले. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकून पाहिलं. बोटांच्या मुळाशी रुपयाएवढे घट्टे, एका अंगठ्याची कातडी सिमेंटने फाटलेली. बाँडवर सुटला.

बाहेर व्हरांड्यात त्याने मला विचारलं, “बाई, मी नक्की काय केलं होतं?” घमेलं अर्थात गेलं होतं, फावडंही. दोन्ही हार्डवेअरच्या दुकानातून उधारीवर घेतलेली.

इथे माझंही एक सांगून टाकते, नाहीतर हे पत्र खोटं होईल. त्या माणसाच्या फॉर्मवर मी ‘इतर’ ठेवून बाकीचं खोडलं होतं आणि हाताने लिहिलं होतं : तात्पुरती बेरोजगारी. इतपत ठीक. पण खाली शिफारशीच्या रकान्यात माझ्याच अक्षरात होतं : प्रमाणित संस्थेत पाठविण्यास हरकत नाही. प्रमाणित संस्था म्हणजे भिक्षेकरी गृह. ते मी विचार करून लिहिलं नव्हतं. तेवीस फॉर्म होते, सगळ्यांवर तेच लिहिलं होतं. कोर्टाने त्याचे हात पाहिले, मी पाहिले नव्हते.

त्याने काय केलं होतं, याचं कायद्यातलं उत्तर असं. ‘महाराष्ट्र भीक प्रतिबंध अधिनियम, १९५९’ च्या दुसऱ्या कलमात भीक मागण्याची व्याख्या आहे. सार्वजनिक जागी भीक मागणं किंवा घेणं, हा तिचा पहिला भाग. मागणं नुसतं नव्हे, घेणंही. गाणं, नाच, भविष्यकथन, खेळ, किंवा काही वस्तू विकायला पुढे करणं, अशा कोणत्याही बहाण्याने असलं तरी ती भीकच. पुढे आणखी एक भाग आहे : ज्याच्याकडे उपजीविकेचं दिसेल असं साधन नाही आणि जो सार्वजनिक जागी अशा अवस्थेत फिरतो किंवा थांबतो, की हा भिकेवर जगत असावा असं वाटावं, तोही भीक मागणाराच. म्हणजे हात पसरण्याचीही गरज नाही, तसं दिसणं पुरे. चौथ्या कलमाने पोलिसाला त्याला वॉरंटाशिवाय पकडता येतं. पाचव्याने संक्षिप्त चौकशी आणि एक ते तीन वर्षं. एकदा आत राहून आलेला पुन्हा सापडला तर किमान दोन वर्षं. त्यानंतर पुन्हा, तर दहा. नवव्या कलमाने त्याच्यावर पूर्णपणे अवलंबून असलेल्या माणसालाही तेवढ्याच मुदतीसाठी आत पाठवता येतं. आणि दहावं कलम मला नोकरीतल्या पहिल्या आठवड्यात दोनदा वाचावं लागलं होतं : आतला माणूस आंधळा, पांगळा किंवा कायमचा असहाय असेल, तर मुदत संपल्यावरही सरकार त्याला बेमुदत ठेवून घेऊ शकतं.

अपंगत्व जितकं जास्त तितकी कैद लांब. दुसऱ्या कुठल्या कायद्यात हे असेल तर मला दाखवा.

हा कायदा आपण केलेला नाही, हे खरं. तो महाराष्ट्र राज्याच्याही आधीचा, द्विभाषिक मुंबई राज्यातला. त्याच्याही आधी इंग्रजी अमलात, १९४५ साली, मुंबई प्रांताचा भिकाऱ्यांविषयीचा कायदा होता, त्याची ही पुढची आवृत्ती. १९५९ हेच वर्ष मुंबई राज्याच्या सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्याचं. जन्माने गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा कायदा १९५२ साली देशभर रद्द झाला खरा, पण फिरस्त्या माणसाकडे संशयाने पाहण्याची सवय कागद बदलून राहिलीच. १९५९ चे दोन्ही कायदे मांडीला मांडी लावून बसलेले आहेत.

बरं, या कायद्यात दुरुस्त्या होत नाहीत असंही नाही. २०१२ मध्ये जुन्या कायद्यांच्या नावांतलं ‘मुंबई’ काढून ‘महाराष्ट्र’ घातलं, त्यात याचीही पाटी बदलली. एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भिक्षेकरी गृहांत ठेवलेल्या आणि तिथे काम करणाऱ्या भिक्षेकऱ्यांचा मेहनताना वाढवून दिवसाला ४० रुपये केला. त्याआधी तो इतका कमी होता की त्याविषयी बोलायचीही लाज वाटायची. आणि त्याच वर्षी कुष्ठरुग्णांबद्दलचा अपमानकारक उल्लेख काढून टाकणारी दुरुस्ती विधिमंडळापुढे आली. या दुरुस्तीचं स्वागत करते. बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग बरा होतो हे गेली चाळीस वर्षं जगाला माहीत आहे. ज्या राज्यात कुष्ठरुग्णांसाठी तपोवन आणि आनंदवन उभं राहिलं, त्या राज्याच्या कायद्यात तो शब्द इतकी वर्षं राहिला हेच नवल.

पण शब्द काढल्याने माणूस सुटत नाही. कुष्ठरुग्ण म्हणून नाही पकडला, तर निराधार म्हणून पकडतील. भिंत तीच ठेवून आपण रंग लावतो आहोत.

दिल्लीत काय झालं ते आपल्या विधी विभागाला माहीत आहेच. हाच कायदा तिथे लागू केलेला होता. ८ ऑगस्ट २०१८ रोजी हर्ष मंदर आणि कर्णिका साहनी यांच्या याचिकांवर दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्या. गीता मित्तल आणि न्या. सी. हरी शंकर यांच्या खंडपीठाने त्यातली भीक मागणं गुन्हा ठरवणारी, पकडण्याची आणि डांबण्याची कलमं घटनाबाह्य ठरवली. दुसऱ्याला भीक मागायला लावणाऱ्याला शिक्षा देणारं अकरावं कलम तेवढं राहू दिलं. पुढच्याच वर्षी जम्मू-काश्मीरच्या उच्च न्यायालयाने तिथला तसाच कायदा रद्द केला. २०२१ मध्ये कोविडच्या काळात भिकाऱ्यांना रस्त्यांवरून, सिग्नलवरून हटवा, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा न्या. चंद्रचूड यांच्या पीठाने सांगितलं की आम्ही असा उच्चभ्रू दृष्टिकोन घेणार नाही. माणसं रस्त्यावर येतात ती शिक्षण आणि रोजगार नसल्यामुळे.

दिल्लीचा निकाल महाराष्ट्रावर बंधनकारक नाही, असं मला एका वरिष्ठांनी समजावलं होतं. बरोबर आहे. म्हणजे मुंबईत बनलेला कायदा दिल्लीत मेला आणि मुंबईत जिवंत आहे. नुसता जिवंत नाही, चांगला धट्टाकट्टा आहे. मार्च २०२३ मध्ये जी-२० ची बैठक तोंडावर आली तेव्हा नागपुरात कलम १४४ खाली सिग्नलवर भीक मागायला बंदी घातली गेली. पाहुणे येणार म्हणून आपण घरातला पसारा पलंगाखाली ढकलतो, तसं. एप्रिल २०२५ मध्ये शिर्डीत मोहीम निघाली. पकडलेल्या लोकांना विसापूरच्या भिक्षेकरी गृहात नेलं, त्यातल्या काहींना पुढे अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात हलवलं, आणि चौघे दगावले. दोष कोणाचा हे ठरवायला मी बसलेले नाही. शिर्डीत ती माणसं आजारी होती, थकलेली होती, हे मात्र रोजच दिसत होतं. त्यांच्यासाठी आधी ॲम्ब्युलन्स यायला हवी होती की पोलिसांची गाडी, एवढाच माझा प्रश्न आहे.

आता थोडं आपल्याच अंगणातलं. गाणं, नाच, भविष्य, खेळ हे शब्द त्या व्याख्येत वाचताना मला प्रत्येक वेळी वासुदेव आठवतो. मोरपिसांची टोपी, एका हातात टाळ, एका हातात चिपळ्या. कायद्याच्या दृष्टीने हा बहाणा. पांगुळ, नंदीवाले, बहुरूपी, गोंधळी, कोल्हाटी, मसणजोगी, नाथपंथी डवरी गोसावी, सगळे बहाणेवाले. यातल्या बहुतेकांना याच राज्याचा एक विभाग भटक्या जमातीचा दाखला देतो. तो दाखला खिशात असताना दुसरा कायदा त्यांना उचलतो. परडी घेऊन जोगवा मागणाऱ्या एका बाईच्या सामानाची यादी मला एकदा करावी लागली होती : परडी एक, कवड्यांची माळ एक, भंडाऱ्याची पिशवी एक, रोख सत्तावीस रुपये. हवालदाराने परडी घ्यायला हात पुढे केला आणि तिथेच थबकला. त्याच्या घरातही देवीचं होतं. त्याने आधी पायातल्या चपला काढल्या, परडीला हात लावून तो कपाळाला लावला, मग जप्त केली.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेली माणसं होती ती. जमावाने हा कायदा वाचला नव्हता, हे मलाही कळतं. पण फिरून मागून खाणारा माणूस संशयितच असतो, ही जी समजूत त्या बाजारात उभी होती, तिला सत्तर-ऐंशी वर्षं कायद्याचा शिक्का आहे, हे आपण नाकारू शकत नाही.

गाडगेबाबांचं तर विचारूच नका. अंगावर चिंध्या, डोक्यावर फुटकं मडकं, मुक्काम कुठे तर झाडाखाली. गाव झाडायचं आणि मग कोणी भाकरी दिली तर त्याच मडक्यात घ्यायची. ‘उपजीविकेचे दिसेल असे साधन नाही आणि सार्वजनिक जागी अशा अवस्थेत फिरतो’, शब्द न् शब्द लागू. ते २० डिसेंबर १९५६ ला गेले, कायदा त्यानंतर तीन वर्षांनी आला, म्हणून वाचले असं म्हणू. त्यांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान मात्र आपण २००० सालापासून चालवलं.

माझ्या या बोलण्यावर काय उत्तर येणार ते मला माहीत आहे, कारण घरी, लग्नात, रिक्षात ते हजारदा ऐकलंय. भिकाऱ्यांच्या टोळ्या असतात. लहान मुलं भाड्याने आणतात. त्यांना अफूची गोळी देतात. हे काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही. थोड्या अशा केसेस माझ्यासमोरही आल्या. पण त्यासाठी हा कायदा लागत नाही. मुलाला पळवून किंवा अपंग करून भीक मागायला लावण्यासाठी भारतीय न्याय संहितेत १३९ वं कलम आहे. मुलाला भिकेला जुंपण्यासाठी बाल न्याय कायद्यात ७६ वं आहे. या कायद्यातलं अकरावं आहेच, ते ठेवा, हवं तर कडक करा. माझ्या अनुभवात गाडीतून म्हाताऱ्या उतरायच्या, टोळीचा मुकादम कधी उतरला नाही. तो फुटपाथवर बसत नाही ना. मुकादम शोधायला तपास करावा लागतो, म्हातारी उचलायला गाडी पुरते.

आणि हो, मदत नको म्हणणारी माणसंही भेटली. दारू सोडायची नाही, कोणाचं ऐकायचं नाही, निवाऱ्यात नेलं तर रात्रीतून पसार. एकाने मला तोंडावर सांगितलं होतं, “तुमच्या पगारापेक्षा माझी कमाई जास्त आहे.” असेलही. त्याच्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही, पण त्याच्यासाठी म्हणून बाकीच्यांना आत टाकणंही मला पटत नाही. भरपूर माणसं मनोरुग्ण असायची. त्यांना तर आता भिक्षेकरी गृहाचा संबंधच यायला नको. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या १०० व्या कलमाने रस्त्यावर भटकणाऱ्या अशा माणसाला चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत नेऊन तपासण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली आहे. लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, असंही स्पष्ट म्हटलंय. नवा कायदा एक सांगतो, जुना दुसरंच, आणि रात्रपाळीच्या हवालदाराला जुना पाठ असतो.

पण या कायद्याचं खरं दुखणं मला एका म्हाताऱ्याने दाखवलं. संक्रांतीच्या आसपास तो आमच्या पायरीवर येऊन बसला. “बाई, थंडी सरेपर्यंत धरा मला.” मी म्हटलं, बाबा, मला धरता येत नाही, पोलिसांनी धरावं लागतं, आणि तेही भीक मागताना. तो उठला, चौकात गेला, ड्युटीवरच्या हवालदारासमोर उभा राहिला आणि हात पसरला. हवालदार हसला आणि घेऊन आला. कोर्टाने कमीत कमी दिलं, म्हणजे एक वर्ष. थंडी दोन महिन्यांची, मुदत बारा महिन्यांची. आत त्याला औषध मिळालं, पायाची जखम भरली, दोन वेळा जेवण मिळालं. मी त्याबद्दल वाईट बोलणार नाही. आत काम करणारे काळजीवाहक, नर्स, स्वयंपाकी यांतले काही जण खरंच जीव लावून करतात. पुढच्या हिवाळ्यात सुटला आणि पंधरा दिवसांत परत पायरीवर. मी त्याला समजावलं की आता दुसरी वेळ, आता किमान दोन वर्षं, आणि त्यानंतर सापडलास तर दहा. त्याने बोटांवर मोजलं. म्हणाला, “एवढी थंडी नसते, बाई.” आणि गेला. पुन्हा दिसला नाही.

माननीय सदस्यहो, या राज्यात त्या म्हाताऱ्याला गादी, गरम जेवण आणि डॉक्टर देणारी जागा होती. तिचा दरवाजा मात्र फक्त पोलिसांच्या बाजूने उघडत होता. आरोपी झाल्याशिवाय आत जाता येत नाही, आणि आत गेलं की हवं तेव्हा बाहेर येता येत नाही. मदत आणि शिक्षा एकाच कुलपात घातल्या की मदतीची भीती वाटायला लागते. खिचडीच्या रांगेत उभं राहताना गाडी येतेय का बघावं लागतं.

आपण म्हणाल, त्याने संजय गांधी निराधार योजनेत अर्ज का नाही केला? १९८० पासूनची ही योजना चांगली आहे, बहुतेकांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात आणि त्यावर खेड्यापाड्यांतली कितीतरी निराधार माणसं जगतात. पण तिच्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, पंधरा वर्षं राज्यात राहिल्याचा रहिवासी दाखला लागतो, बँकेचं खातं आणि आधार लागतं. निराधार ठरायलाही आधार लागतो, अशी ही गंमत. शिवाय कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं. भागाकार करून पाहा, दिवसाला ५८ रुपयेसुद्धा होत नाहीत. सिग्नलवर दिवसाला साठ रुपये जमवणारी बाई एका खात्याच्या नियमाने निराधार नाही, आणि दुसऱ्या खात्याच्या कायद्याने तिच्याकडे उपजीविकेचं साधन नाही. दोन्ही खाती एकाच मंत्रालयाच्या इमारतीत आहेत.

निवाऱ्यांचंही तेच. शहरातल्या बेघरांसाठी दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांचा एक कायमचा निवारा, हा निकष सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून आणि राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून आलेला आहे. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. प्रत्यक्ष आकडा त्याच्या जवळपासही नाही. नेमका किती, हे एखाद्या सदस्याने तारांकित प्रश्न विचारून पटलावर आणावं. आपल्या जिल्ह्यापुरतं विचारलं तरी चालेल.

माझं मागणं लांबलचक नाही. कुष्ठरोगाचा शब्द काढायला आपण हे पुस्तक उघडलंच आहे, तर मिटू नका. दुसऱ्या कलमातली ती ‘दिसेल असे साधन नाही’वाली व्याख्या, वॉरंटाशिवाय अटक, एक ते दहा वर्षांची कैद, अवलंबितांना डांबणं आणि बेमुदत ठेवणं, हे सगळं जाऊ द्या. दुसऱ्याला भिकेला लावणाऱ्याची शिक्षा राहू द्या. गृह खात्याकडून ही माणसं काढून घ्या. चौदाच्या चौदा भिक्षेकरी गृहं पाडायची नाहीत. त्यांना आतून कडी असलेले निवारे करा, म्हणजे राहणाऱ्याला स्वतः उघडता येईल. आधार, बँक खातं, पेन्शनचा अर्ज, मोतीबिंदूचं ऑपरेशन हे तिथेच व्हावं, आणि पत्त्याच्या रकान्यात निवाऱ्याचा पत्ता चालावा. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१६ मध्ये निराधार व्यक्तींच्या संरक्षणाचं एक नमुना विधेयक तयार केलं होतं, पुढे गेलं नाही. त्यात त्रुटी असतील, पण सुरुवात कोऱ्या कागदावरून करायची गरज नाही. २०२२ पासून केंद्राची ‘स्माइल’ योजना आहे, तिच्यात पुनर्वसनाला पैसा आहे. मात्र एका हातात ‘स्माइल’ आणि दुसऱ्या हातात अटक असेल तर माणूस पहिला हातही धरणार नाही. हे मी तिथे उभं राहून पाहिलंय.

खर्चाचं म्हणाल तर एवढंच सांगते. गाडी, बंदोबस्त, कोर्टाचा वेळ, माझ्यासारख्यांचे अहवाल आणि वर्षानुवर्षं आत ठेवण्याचं जेवणखाण, हे आज आपण भरतोच आहोत. त्या मजुराला अकरा दिवस सांभाळायला सरकारला जेवढा खर्च आला, तेवढ्यात दोन-चार नवी घमेली आणि फावडी नक्की आली असती.

विधेयक संयुक्त समितीकडे गेलं आणि आपण मला बोलावलंत, तर मी येईन. प्रवासभत्ता नको, निवृत्तीवेतन मिळतं. निवृत्त होताना टेबलाचा खण रिकामा केला तेव्हा त्या छापील फॉर्मच्या काही कोऱ्या प्रती माझ्या पिशवीत आल्या. येताना त्या घेऊन येते. ‘भीक मागण्याचे कारण’ या ओळीपुढे काय छापायचं ते समितीने मला सांगावं.

आपली नम्र,
एक निवृत्त परिवीक्षा अधिकारी